खताचं कूळ

कूळ हा शब्द पोत्यावर छापायचा की नाही, यावर करुणा वायदंडेनं फार तर दोन मिनिटं विचार केला असेल. शर्विलनं लेबलाचा नमुना तिच्यापुढं धरला, तिनं तो वाचला, "शुद्धलेखन एकदा बघून घे" म्हणाली आणि सही केली. त्या दोन मिनिटांनी पुढं सहा महिने तिचा पिच्छा सोडला नाही.

साल होतं २०४१. कृष्णाकाठच्या मळणगावात करुणाचा 'कसदार' नावाचा खताचा कारखाना होता. भाजीची देठं, उरलेला भात, चहाचा चोथा, नासकी फळं असा गावातला सगळा ओला कचरा रोज सकाळी वॉर्डावॉर्डातून तिच्या शेडवर यायचा. अठरा दिवसांत त्याचं काळंभोर, भुसभुशीत खत व्हायचं आणि आसपासच्या वाड्यांवर जायचं. करुणाची आई अंजिरा याच गावात दारोदार कचरा गोळा करत फिरली होती. लेकीनं त्याच कचऱ्यावर पक्की शेड उभी केली, बारा माणसं कामाला लावली, आणि गाव तिला वायदंडे मॅडम म्हणायला लागलं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, इथं तर नऊ वर्षांतच फिटले.

डॉ. शर्विल उपळेकर हा कारखान्याचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. पोरगा हुशार, कामाला वाघ. पण वाढला परदेशात, त्यामुळं गाव म्हणजे काय असतं हे त्याला पुस्तकातूनच ठाऊक. त्यानं कारखान्यात एक यंत्र आणलं. जेवणाच्या डब्याएवढं. चिमूटभर खत पाण्यात कालवून त्यात ओतलं, की वीस मिनिटांत ते खतातल्या जिवाणूंचा डीएनए वाचायचं आणि या खतात कोण कोण राहतंय ते सांगायचं.

"खत म्हणजे मेलेला कचरा नाही, करुणाताई," शर्विल सांगायचा. "चिमटीत कोट्यवधी जीव असतात. त्यातले कुठले वाढणार, हे त्यांना खायला काय मिळतं यावर ठरतं. कचरा बदलला की वस्ती बदलते. उसाला एक वस्ती मानवते, टोमॅटोला दुसरी. आपण सगळ्या गावाचा कचरा एकत्र कालवतो, म्हणजे सगळ्या आजारांवर एकच काढा देतो."

करुणाला ते पटलं. प्रत्येक वॉर्डाचा ढीग वेगळा लागला. पोत्यावर लेबल आलं: 'कूळ: बॅसिलेसी. मूळ: वॉर्ड ४.' जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकात एकमेकांना जवळच्या जिवाणूंच्या गटाला कूळ म्हणतात. त्याच पुस्तकात खालच्या पायरीला 'जाती' असाही शब्द होता. तो छापला नाही हे नशीबच म्हणायचं.

पहिला फोन तिसऱ्या दिवशी आला. एक ओळखीचा टोमॅटोवाला होता.

"मॅडम, ही बॅसिलेसी मंडळी कुठली म्हणायची?"

"मंडळी नव्हेत हो, जिवाणू आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत."

"ते असू द्या. पण आपल्यातलेच का?"

करुणाला आधी हसू आलं. तिनं शर्विलला सांगितलं, तर तो गोंधळून म्हणाला, "आपल्यातले म्हणजे? माणसाच्या पोटातले?" त्यावर ती आणखी हसली. संध्याकाळपर्यंत तसेच सहा फोन आले, आणि हसू हळूहळू ओसरलं. जिवाणूचं कूळ कुणालाच नको होतं. लोक कूळ वाचत होते आणि त्याच्याखाली वॉर्ड वाचत होते, आणि दोन्ही मिळून त्यांना जे कळायचं ते कळत होतं.

महिन्याभरात मागणी वॉर्डावर आली. सगळ्यांना वॉर्ड चार हवा होता. चारमध्ये जुनं राममंदिर, त्याच्या भोवतीची बामणआळी आणि नव्यानं झालेल्या चार सोसायट्या. वॉर्ड अकरा, म्हणजे घाटाखालची आळी, कुणालाच नको होता. घाटाखाली कोण राहतं हे तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. करुणा तिथंच जन्मली होती, आणि तिची आई अजून तिथंच राहत होती. अकराचा ढीग शेडच्या मागं वाढत गेला. बाजारपेठेतल्या एका दुकानदारानं तर 'सोवळं खत मिळेल' अशी पाटीच लावली.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. करुणानं खताची दोन्ही छापून लोकांच्या हातात दिली होती.

कुणी शिवी दिली असती तर तिला उत्तर माहीत होतं. घाटाखालच्या पोरीला ते लहानपणीच शिकावं लागतं. पण शिवी कुणी देतच नव्हतं. सगळे अदबीनं बोलत होते. "तुमचं वेगळं हो मॅडम," असंही दोघं-तिघं म्हणाले. लेबल काढावं, तर शर्विल विचारायचा, "त्यात खोटं काय आहे?" खोटं काहीच नव्हतं. आपण काय विकत घेतोय हे विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, हे तर तीच बारा माणसांना शिकवत आली होती. रागवायचं तर नेमकं कुणावर, हे तिला कळेना. राग मात्र होता, आणि तो कुठं ठेवावा ते न कळल्यानं ती घरी नवऱ्यावर आणि शेडवर शर्विलवर काढत होती.

सप्टेंबरात संपतराव इंगवल्यांचा फोन आला.

संपतराव हे आगलेवाडीचे आल्याचे बागायतदार, आणि करुणाचं पहिलं गिऱ्हाईक. नऊ वर्षांपूर्वी तिचं खत बघायला आलेले लोक नाकाला रुमाल लावून लांब उभे राहायचे, तेव्हा या माणसानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला होता आणि "दोन ट्रॉल्या भर" म्हणाला होता. शेडच्या पायाचा नारळही त्यांनीच फोडला. करुणाला ते पोरी म्हणायचे, आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेची शपथ घेऊन सगळ्यांना सांगायचे की ही माझी लेकच हाय. यंदा लागणीला त्यांनीही वॉर्ड चारचंच खत नेलं होतं. करुणानं ते पावतीवर पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं स्वतःला सांगितलं होतं.

"पोरी, आत्ताच्या आत्ता ये," ते फोनवर म्हणाले. "आलं चाललं."

ती शर्विलला घेऊन गेली. सात एकरांतल्या खालच्या अंगाचे गादीवाफे पिवळे पडले होते. संपतरावांनी एक देठ धरला, तो अलगद हातात आला. खालचा गड्डा मऊ पडून घाण वास मारत होता. कंदकूज. एकदा शिरली की पाण्याबरोबर वाफ्यावाफ्यानं चालत जाते, आणि कुजलेल्या गड्ड्याला औषध नाही.

"आट वरसं तुझं खत घालतोय. एकदाबी शिरली न्हाय ही शेतात," संपतराव म्हणाले. "औंदाच काय झालं?"

शर्विलनं माती घेतली. आगलेवाडीची गेल्या वर्षीची माती त्यानं कपाटात जपून ठेवली होती, तीही काढली. दोन्ही यंत्रात घालून चाळीस मिनिटांनी तो धावतच करुणाच्या टेबलाशी आला.

"गेल्या वर्षीच्या मातीत एक गट होता, तो यंदा नाहीच. मी त्यांना कवचखाऊ म्हणतो. खेकड्याचं कवच ज्या द्रव्याचं असतं ना, तेच द्रव्य बुरशीच्या भिंतीत असतं. ज्या जिवाणूंना कवच खायची सवय लागते, ते मातीत गेले की बुरशीच्या भिंती खातात. कंदकूज आणणारी बुरशी ते अक्षरशः फस्त करत होते."

"मग यंदा का नाहीत?"

"कारण ते फक्त वॉर्ड अकराच्या ढिगात वाढतात. तिथल्या कचऱ्यात नदीच्या खेकड्यांची कवचं असतात, सुकटीचा चुरा असतो. आधी सगळा कचरा एकत्र कालवत होतो, तेव्हा ते आपोआप सगळीकडे जायचे."

करुणा खुर्चीत मागं टेकली. म्हणजे आठ वर्षं आगलेवाडीचं आलं तिच्या आईच्या खेकड्यांनी राखलं होतं. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"एक गंमत आहे," शर्विल पुढं म्हणाला. "चारच्या ढिगातही थोडे सापडले. एका कोपऱ्यात. चारमध्येही कुणीतरी खेकडे खातंय."

"मी," करुणा म्हणाली. ती चारमधल्याच एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती. आई दर रविवारी डबा पाठवायची. जेवण झालं की करुणा कवचं वर्तमानपत्रात गुंडाळून, मग तो पुडा भाजीच्या देठांखाली दाबून बादलीत टाकायची. सोसायटीत कुणी कधी काही बोललं नव्हतं. ती दाबायची.

तिनं संपतरावांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. अकराचं खत वाफ्यांना दिलं, तर वरचे पाच-सहा एकर वाचतील.

मग संपतराव म्हणाले, "पाठव. पण लेबल काडून पाठव."

"का, काका?"

"आगं, माळ हाय माझ्या गळ्यात. तू खेकडं म्हणतीस."

"लेबल काढलं तर खेकडे निघून जातील का त्यातून?"

उत्तराची वाट न बघता करुणानं विचारलं. इतके महिने कुणालाच विचारलं नव्हतं ते.

"काका, माळेमुळं म्हणताय की आळीमुळं?"

"खरं सांगू, पोरी?" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "माझं मलाच कळंना."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर करुणानं ती पळवाट समजली असती. पण संपतराव खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि आता ते जाणून घेतल्याशिवाय तिलाही राहवत नव्हतं.

ती आईकडं गेली. अंजिरा ओट्यावर बसून खेकड्यांचे डेंगे मोडत होती. करुणानं सगळं सांगितलं, तशी म्हातारी म्हणाली, "मग दी की लेबल काडून. रोप मरायलंय, आन् तुला कागदाचं पडलंय."

"आये, तुझ्या आळीचं नाव त्यांना चालत नाही. राग येत न्हाय तुला?"

"रागानं काय आलं जगतंय का?"

एवढ्यात करुणाचं लक्ष कोपऱ्यात गेलं. आईच्या मिरच्यांसाठी तिनं गेल्या महिन्यात खताची पिशवी पाठवली होती. ती तशीच बांधलेली पडली होती.

"हे का न्हाय घातलंस?"

"त्ये ने माघारी. नऊ वॉर्डातलं हाय. वाचून दावलं मला शेजारच्या सुनंनं. वीटभट्टीवाली राहत्यात तितं. काय काय खात्यात ती लोकं, देवाला म्हाईत."

"आये, तू पण?"

"मी पण काय?" अंजिरानं मान वर केली. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. करुणा पायरीवर बसून राहिली. येताना रागाची एक जागा तरी पक्की होती, आता तीही गेली.

शेडवर परतल्यावर तिनं शर्विलला विचारलं, "दोन कारणं एकमेकांत गुंतली असतील, तर कुठलं खरं ते तुमच्यात कसं शोधतात?"

"सोपं आहे. दोन्ही कारणं वेगळी करून समोरासमोर ठेवायची."

"कवचखाऊ खेकड्याशिवाय वाढतील का?"

शर्विलनं डोकं खाजवलं. "अळंबीवर वाढतील. अळंबी म्हणजे बुरशीच, तिच्याही भिंती त्याच द्रव्याच्या. हायवेवरच्या अळंबीवाल्याकडचा टाकाऊ माल मिळाला, तर उबदार टाकीत आठ दिवसांत वाढवून देतो. पण कशाला? आत्ता तयार आहे ते देऊ या की."

"तयार आहे ते आजच वरच्या सहा एकरांना जाऊ दे, लेबल काढून," करुणा म्हणाली. "खालच्या एकरासाठी मला दोन पोती हवी आहेत."

त्या दिवशीच आगलेवाडीला बिनलेबलाची बारा पोती गेली. लेबलं करुणानं स्वतःच्या हातानं काढली. आलं मेलं असतं तर त्यातून काहीच सिद्ध होणार नव्हतं. पण प्रत्येक लेबल सुटताना तिला आपण काहीतरी चोरतोय असं वाटत होतं, आणि कुणाचं चोरतोय ते मात्र कळत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन आगलेवाडीला गेली. वरच्या अंगाला कूज थांबली होती. खालच्या एकरात अजून निम्मे वाफे हिरवे होते, तेवढे वाचवायचे होते. बांधावर संपतराव आणि त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू उभे होते. करुणानं दोन पोती उतरवून त्यांच्यापुढं ठेवली. दोन्हींवर लेबल होतं.

"काका, दोन्हींत औषध सारखंच आहे. शर्विलनं मोजून बघितलंय. हे वॉर्ड चारचं. यात खेकड्याची कवचं आहेत, घमेलंभर तरी. हे वॉर्ड अकराचं. तिथल्याच भाजीपाल्याचं, पण यात कवच नाही, सुकट नाही. नुसत्या अळंबीवर वाढवलंय. माळेला चालेल असं. खालच्या वाफ्यांना एक पोतं पुरे. कुठलं टाकायचं ते तुम्ही सांगा."

"परीक्षा घेतीस व्हय म्हाताऱ्याची?" संपतराव हसले. मग त्यांनी खालच्या पिवळ्या वाफ्यांकडं बघितलं आणि हसायचे थांबले. त्यांनी फार विचार केला नाही. ते वाकले, आणि चारच्या पोत्याचा कान त्यांनी मुठीत धरला.

पोतं वीतभर उचललं गेलं आणि तिथंच राहिलं. वाकल्यामुळं त्यांच्या गळ्यातली माळ पुढं लोंबून पोत्यावर टेकली होती. ते त्या माळेकडं बघत राहिले. करुणाला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता पांढऱ्या टोपीखालचा मानेचा भाग दिसत होता.

"पोरी," ते तसेच वाकून म्हणाले, "माळ न्हवती गं ती."

नऊ दिवस करुणानं या क्षणाची तयारी केली होती. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. चांगली धारदार वाक्यं होती. आता ती सगळी फुकट गेली. या माणसाला दोन्ही हातांनी ढकलून द्यावं इतका राग तिला आला होता, आणि त्याच हातांनी त्याला धरून सरळ उभं करावं असंही वाटत होतं.

"त्यातली कवचं माझ्या घरची आहेत, काका," ती म्हणाली. "मी चारमध्येच राहते."

संपतरावांनी पोतं खाली ठेवलं. कमरेवर हात ठेवून ते हळूहळू सरळ झाले. एकदा या पोत्याकडं, एकदा त्या पोत्याकडं बघितलं.

"मंजी दोन्ही तुझीच?"

"दोन्ही माझीच."

"मग मी काय निवडत हुतो?"

वत्सलाकाकूंनी पदर खोचला.

"आवो, ते आलं मरतंय तिकडं," त्या म्हणाल्या, आणि बादली घेऊन वाफ्याकडं निघाल्या.

संपतरावांनी अकराचं पोतं ओढत वाफ्याच्या तोंडाशी नेलं. करुणा मागून गेली, खाली बसली आणि सवयीनं लेबलाच्या दोऱ्याला हात घातला. त्यांनीच मागं तसं सांगितलं होतं.

"ऱ्हाऊ दे," संपतराव म्हणाले.

"रस्त्यावरून दिसेल, काका."

"दिसू दे. लोकांचं न्हाय म्हणत मी. मला रोज दिसाय पायजे."

त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर दिली असती की नाही, हे करुणाला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि नंतरही कधी सांगता आलं नाही. तिनं बाह्या वर सारल्या. पलीकडच्या वाफ्यावर ते, अलीकडच्यावर ती, असे दोघं ओंजळीनं खत पसरत दुपारपर्यंत पुढं सरकत राहिले.